नाइस म्हणून गेलेला मुलगा

ता. २६ फेब्रुवारी १९४५, सोमवार. सातारा.

सदा, इतके दिवस या वहीत काही लिहिलं नाही, रागावू नकोस. तू पलटणीबरोबर ब्रह्मदेशात गेलास तेव्हा कबूल केलं होतं की घरचं सगळं इथं लिहून ठेवीन, तू परत आलास की वाचशील. पत्रात सगळं लिहवत नाही. पण या खेपेला वहीतही लिहवत नव्हतं. तुझ्या मुलीचं लग्न मी ठरवलं, आणि ते ठरलंय की नाही हे मलाच माहीत नाही.

गेल्या आठवड्यात रविवारी सांगलीची माणसं शालनला बघून गेली. मुलगा वसंता, बी. ए. झालेला, तिथल्या संस्थानच्या कचेरीत कारकून. बरोबर वडील दादासाहेब आणि एक मामा. पोहे झाले, चहा झाला. शालन पाटावर बसली. मामांनी नाव विचारलं, शिक्षण विचारलं. व्हर्नाक्युलर फायनल पास म्हटल्यावर दादासाहेबांनी मान हलवली, होकाराची की नकाराची ते कळलं नाही. मुलगा गप्प. निघताना उंबऱ्याशी थांबला, शालनकडे बघितलं, म्हणाला, "नाइस." एवढंच. चपला घातल्या. दादासाहेब म्हणाले, "कळवतो."

मला वाटलं, झालं. संध्याकाळी गल्लीत साखर वाटायला काढली. महिन्याची रेशनची. सूनबाई डब्यावर हात ठेवून उभी राहिली.

"मामंजी, पसंती कुठं आलीया अजून?"

"पोरगं आपल्या तोंडानं बोललंय."

"काय बोललंय?"

तिथं मी अडलो. शेजारचा यशवंता ओट्यावरून ऐकत होता. तो पुण्याला साहेबाच्या बंगल्यावर माळी होता. म्हणाला, "नाइस म्हंजे झ्याक वो तात्या. साहेब बागंत आला की त्योच शब्द."

झ्याक म्हटल्यावर डबा उघडला. घरोघरी चिमूटचिमूट दिली. आता बिनसाखरेचा चहा पितो आहे आणि कार्डाची वाट बघतो आहे.

ता. २ मार्च.

पोस्टमन आला. यशवंताकडं गेला. परत गेला.

गार पाणी प्यालो, त्यानं खोकला झाला.

ता. ४ मार्च, रविवार.

झोप नाही. कापडाच्या दुकानातली एक गोष्ट सारखी आठवते. चाळीस वर्षं गजानं कापड मोजलं, माणसं बघितली. बाई आली, लुगडं हातात घेतलं, "छान आहे हो" म्हणाली, की मी मनातल्या मनात घडी घालायला घ्यायचो. ती काही घेणार नाही. जी घेणार असते ती खोड काढते. काठ फिका वाटतोय, रंग जाईल का, पदर आखूड दिसतोय. नुसतं छान म्हणणारी पायरी उतरून जाते.

त्या पोरानं एकही खोड काढली नाही.

हे सूनबाईला सांगितलं नाही. सांगायला नको होतं ते शालनला सांगितलं. ती ताट घासत होती. म्हणाली, "तात्या, मी काय लुगडं हाय?"

"तसं न्हाई गं."

"तसंच. तुमी दुकानात दाखवायचा, तसंच दाखवलं. पर लुगडं परत घडी घालून फळीवर ठेवता येतं."

 

ता. ७ मार्च.

हायस्कुलात इंग्रजी शिकवणाऱ्या मास्तरांकडं गेलो. आपली चौथ्या बुकापर्यंत मजल, म्हणून आधी पायरीवरच बसलो. त्यांनी आत घेतलं. काय काम विचारलं. म्हटलं, एका शब्दाचा पक्का अर्थ पाहिजे, घरात अडचण आहे.

त्यांनी जाडं पुस्तक काढलं. चष्मा पुसला. मग जे सांगितलं ते आठवेल तसं लिहितो. नाइस हा शब्द मूळचा इंग्रजांचा नाही. फार जुन्या लॅटिन भाषेतला, अर्थ काही न जाणणारा. फ्रान्सातून इंग्लंडात आला तेव्हा अर्थ मूर्ख. पुढं नखरेल असा झाला. मग चोखंदळ, किरकिरा. मग बारीक, नाजूक. आणि शेवटी बरा, गोड.

विचारलं, "मूर्खाचा गोड व्हायला किती काळ लागला?"

"काही शतकं गेली असतील."

"आमच्याकडं पाडव्याच्या आत लग्न ठरवायचंय."

मास्तर हसले. म्हणाले, "तात्या, आता त्याला काही अर्थच राहिला नाही. चहा नाइस, हवा नाइस, पाहुणा आला नाइस, गेला तरी नाइस."

म्हणजे धुऊन धुऊन विटलेलं धोतर. कुणीही नेसावं.

आपल्याकडं एक शब्द उलट्या वाटेनं गेला, तो वाटेत आठवला. शहाणा. आमच्या लहानपणी कुणी शहाणा म्हटलं की पोरगं फुगायचं. आज सूनबाईला शहाणी म्हणून बघावं, भांडं आपटेल. तेव्हा शब्द घर बदलतात हे कबूल. पण त्या रविवारी माझ्या उंबऱ्यावर तो कुठल्या घरात राहत होता, ते जाड्या पुस्तकात नाही.

निघताना मास्तर म्हणाले, "मधला अर्थ तुम्हांला बरोबर बसतो हं. किरकिरा." रागावलो नाही. खरं आहे.

ता. ११ मार्च, रविवार.

वाईट दिवस. कोपऱ्यावर यशवंता चारचौघांत म्हणाला, "काय तात्या, नाइसचं लगीन कवा?" हसले सगळे. आता कळतं की गल्लीत शालनला तेच नाव पडलं आहे. नळावर बाया म्हणतात, आली बघ नाइस. ज्यांनी माझी साखर खाल्ली त्याच.

सूनबाई पदरानं डोळे पुसत म्हणाली, "कोरेगावचं स्थळ घरला आलं हुतं. त्यास्नी तुमी ठरलं म्हणून सांगितलंसा."

सांगितलं होतं. ते शेतीवाडीचे, मुलगा वयानं थोर आहे, पहिली बायको गेलेली. चांगली माणसं. आज त्यांचा निरोप आला, सांगलीचं जमत नसेल तर ते पाडव्यापर्यंत थांबतील, पुढं नाही. सूनबाई म्हणते होकार कळवा, बदनामी झालेल्या पोरीला तिसरं स्थळ यायचं नाही.

शालननं एवढंच विचारलं, "बदनामी? म्या काय केलं?"

पोरीनं काही केलेलं नाही. केलं ते मी, डबा उघडून.

संध्याकाळी तिला पहिल्यांदाच विचारलं, मुलगा कसा वाटला. फार उशिरा विचारलं. तिनं आधी दिवा लावला. मग म्हणाली, "चा सांडला त्यानं बशीतनं. कुणी बघितलं न्हाई. खिशातला रुमाल काढून आपला आपण पुसला आन् रुमाल तसाच वला खिशात घातला."

"मग?"

"मग काय. आमच्यात कोण पुरुष पुसतो?"

ता. १५ मार्च.

ठरलं. सांगलीला जातो.

सूनबाई: "मुलीकडच्यांनी इचारायला जायाचं? आजवर कोण गेलंय? लोकं तोंडावर थुकतील."

तिचं बरोबर. आपल्याकडं कळवतो म्हणून गेलेल्या माणसांना विचारायचं नसतं. कार्ड आलं नाही की समजायचं. समजून पोरीला पुढच्या पाटावर बसवायचं. माझ्या बहिणीचं तसंच झालं, तिला तीन घरांनी कळवतो म्हटलं होतं. आम्ही समजून घेतलं. सारखं आपणच का समजून घ्यायचं, हे विचारायचं राहून गेलं आयुष्यभर. या वयात विचारतो.

भीती वाटते. मोटार पेट घेईल काय, छत्री न्यावी काय, दादासाहेब दारातच उभं करतील काय. तरी जाणार.

ता. १७ मार्च, शनिवार. सांगली.

धर्मशाळेत लिहितो आहे. पेट्रोल नाही म्हणून कोळशावरची मोटार. मागच्या पिंपात ड्रायव्हर कोळसा घालतो, काळा होतो, शिव्या देतो. चढ आला की सगळ्यांनी उतरायचं. म्हातारा म्हणून मला बसू दिलं तर एक बाई म्हणाली, "आजोबा, तुमचंच वजन लय हाय." इस्लामपूरला पोलिसांनी गाडी थांबवून बोचकी उचकली. माझ्यात एक धोतर आणि शेंगदाण्याचे लाडू. शिपायानं एक लाडू खाल्ला. म्हणाला बरा आहे. निदान मराठीत म्हणाला.

उद्या रविवार, घरी सापडतील.

ता. १८ मार्च, रविवार. सांगली.

गेलो. दादासाहेब झोपाळ्यावर. मला बघून झोपाळा थांबला.

"तुम्ही? आम्ही कळवणारच होतो."

"म्हटलं तुमचं कार्ड वाचवावं."

बसा म्हणाले. पाणी आलं. हवापाण्याचं बोलले, हळदीच्या बाजाराचं बोलले. मी फुलपात्र खाली ठेवून म्हटलं, "दादासाहेब, मुलगी पसंत की नापसंत?"

त्यांना असं तोंडावर कुणी विचारलं नसावं. घसा खाकरला. "हे बघा, मुलगी नाइसच आहे. पण अजून दोन ठिकाणं बघायची आहेत."

बाप पण तेच म्हणाला. मुलाकडून शिकला की मुलगा बापाकडून, देव जाणे. माझा आवाज चढला. म्हटलं, "हा शब्द आमच्या गल्लीत लय फिरलाय. माझ्या नातीला लोक त्याच नावानं हाका मारतात. पसंत असेल तर पसंत म्हणा. नसेल तर नाही म्हणा, मी राम राम करून जातो. पण दाराच्या आतबाहेर पाय ठेवून उभं राहू नका."

"तात्यासाहेब, मुलीकडच्या माणसानं इतकं..."

"माहीत आहे. नसतं विचारायचं. विचारलं."

तेवढ्यात मुलगा आतून आला. सगळं ऐकलं असणार, कान लाल झालेले. दादासाहेबांनी डोळ्यांनी आत जा सांगितलं. तो गेला नाही, पण बोललाही नाही. मी उठलो.

फाटकाबाहेर बऱ्याच पुढं आल्यावर वसंता मागून धावत आला. टोपी हातात. दम लागलेला.

म्हटलं, "बाळा, त्या दिवशी तू बोललास त्याचा अर्थ मी मास्तरांकडून काढून आणला. मूर्खापासून गोडापर्यंत सगळं निघालं. तुझा कुठला?"

तो मातीकडं बघत म्हणाला, "मला काहीतरी बोलायचं होतं. मराठीत बोललो असतो तर ती पसंती झाली असती. पसंती सांगायची ती दादांनी. इंग्रजीत म्हटलं तर... तर कुणाला बांधील होत नाही असं वाटलं."

म्हणजे हे खरं. पुस्तकात नव्हतं ते हे. शब्द कुठून आला याला महत्त्व नव्हतं. पोरगं त्याच्या आडोशाला उभं राहिलं होतं. बोललं पण आणि बोललं नाही पण.

राग आला आणि दयाही आली. म्हटलं, "तू बांधील झाला नाहीस. ती झाली. तू चपला घालून गेलास आणि ती त्या गल्लीत रोज पाण्याला जाते."

त्याचे डोळे भरले. पुसले नाहीत. रुमाल खिशात असणार.

"पाडव्याच्या आत स्वतः कळव. आडोसा सोडून. होकार असो, नकार असो."

"दादा..."

"दादांचं दादा बघतील. तू बी. ए. आहेस."

ता. २१ मार्च. सातारा.

घरी. अंग मोडून आलं आहे, ताप नाही, दोनदा हात लावून बघितला.

सगळं सांगितलं. सूनबाई कपाळावर हात मारून आत गेली. शालन मात्र हसली, कितीतरी दिवसांनी. "आडोसा," म्हणाली. "चांगला आडोसा शोधला त्यानं."

मास्तरांनी सांगितलेले सगळे अर्थ तिनं माझ्याकडून एकेक करून काढून घेतले. का ते दुपारी कळलं. नळावर यशवंतानं हाक मारली, काय गं नाइस. ती घागर खाली ठेवून त्याच्यासमोर उभी राहिली. म्हणाली, "व्हय काका, मी नाइस. म्हंजे अडाणी, नखरेल, किरकिरी आन् गोड. पुस्तकात सगळं हाय. तुमाला कुठलं पायजे ते घ्या, पर पुन्यांदा हाक मारताना अर्थ सांगून मारायची."

बाया हसल्या, पण या वेळी यशवंताला.

सदा, तू असतास तर.

ता. ३१ मार्च, शनिवार.

होळी झाली. कार्ड नाही. या महिन्याची साखर आली, सूनबाईनं डब्याला कुलूप घातलं. किल्ली कनवटीला. हसू आलं.

ती म्हणते कोरेगावला हो म्हणून टाका. मी म्हटलं सांगलीला पाडव्यापर्यंत मुदत दिली आहे. ती म्हणते मुदत तुम्ही दिली, त्यांनी घेतली काय.

ता. ५ एप्रिल.

शालननं कार्ड लिहिलं. वसंताला. स्वतःच्या हातानं, स्वतःच्या नावानं. लिहून झाल्यावर माझ्यापुढं ठेवलं, विचारायला नाही, दाखवायला. तिनं पुस्तकी मराठीत लिहिलं आहे, फायनलला मार्क पडायचे तसं.

"आजोबा येऊन गेले. तुम्ही सांडलेला चहा स्वतः पुसलात, ते मला आवडले. तुमची टोपी तुम्हांला मोठी होते आणि तुम्ही वडिलांसमोर फार गप्प बसता, हे आवडले नाही. तरी तुम्ही मला पसंत आहात. हे मी मराठीत लिहिते आहे, तेव्हा त्याचा जो अर्थ होतो तोच घ्यावा. तुमचे तुम्ही कळवावे. शालन."

दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा टोपीवर अडलो. पोरीनं दोन खोडी काढल्यात. म्हणजे गिऱ्हाईक खरं आहे.

हे मोठ्यानं म्हणालो नाही. पण तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाली, "आता त्यो लुगडं."

सूनबाईला कळलं तेव्हा ती रडली नाही, ते जास्त लागलं. म्हणाली, "ह्ये कार्ड तितं धा जण वाचतील." खरं आहे. उघडं कार्ड. पाकीट घे म्हटलं होतं मी. शालन म्हणाली, "आडोसा नको."

पोस्टात मीच टाकलं. पेटीत आत पडलं की नाही म्हणून हात घालून बघत होतो, शिपाई हसला.

ता. ८ एप्रिल, रविवार.

कोरेगावची माणसं दारात आली. तोंडावर खोटं बोलवलं नाही. म्हटलं, "मुलीनं एका ठिकाणी पसंती कळवली आहे. उत्तर यायचं आहे."

"मुलीनं?"

"व्हय. मुलीनं."

त्यांच्यातल्या थोरल्यानं टोपी सारखी केली. "तात्या, आमी पाडव्यानंतर येणार न्हाई."

"येऊ नका. तुमचा राग नाही."

चहाला थांबले नाहीत. ती वाट बंद झाली. मीच केली, शालनला विचारून केली. ती म्हणाली करा. चूक केली असं वाटत नाही.  

ता. १२ एप्रिल, गुरुवार.

उद्या पाडवा. काठी धुऊन ठेवली. सूनबाईनं तुझ्या लग्नातला जरीचा खण काढला आहे गुढीला.

पोस्टमन आला. लांबून माझ्याकडं बघून मान हलवली. या माणसाची मान हलवायची रीत स्वच्छ आहे. नाही म्हणजे नाही.

यशवंता ओट्यावर येऊन बसला. बराच वेळ विड्या ओढल्या. मग म्हणाला, "तात्या, गाठी आणलीसा का? साखर नसली तर आमच्यातली घ्या, आमच्यात चा कमी पित्यात." मी त्याच्याकडं बघितलं. तो दुसरीकडं बघत होता.

शालन मुलींच्या शाळेत जाऊन आली. तिथं एक बाई रजेवर जाणार आहेत, जूनपासून जागा निघेल. म्हणाली, "हो आलं तर सांगलीतबी शाळा असतील. न्हाई आलं तर हितली हाय." आणि पाण्याला गेली, घागर डोक्यावर, मान ताठ.

रात्री जेवताना सूनबाईनं काही न बोलता साखरेच्या डब्याचं कुलूप काढलं. किल्ली माझ्या ताटाशेजारी ठेवली. वाटायची की गुढीला गाठी करायची, विचारलं नाही मी. तिनंही सांगितलं नाही.

सदा, तुझं पत्र येऊन पुष्कळ दिवस झाले. तू कुठं आहेस, कसा आहेस, दोन ओळी पाठव. इथं तुझ्या लेकीनं तुला न विचारता मोठं पाऊल टाकलं आहे आणि मी तिच्यामागं उभा आहे. रागावायचं तर माझ्यावर रागव, पण लिहून रागव.

आणि वसंता, बाळा, ही वही तू कधी वाचणार नाहीस तरी लिहितो. तिनं आपलं सांगितलं. आता तुझी पाळी. हो म्हण, नाही म्हण, टोपी बदलतो म्हण, बदलत नाही म्हण. पण मराठीत म्हण रे, आणि लौकर कळव.